मित्रासाठी उगारलेली मूठ

नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरील मारामारीच्या खेळांचा इतिहास सांगताना १९८७ च्या ‘डबल ड्रॅगन’चे नाव प्रथम घेतले जाते. परंतु त्याच योशिहिसा किशिमोतो यांनी १९८६ मध्ये टेक्नोस जपान या कंपनीसाठी रचलेला ‘नेक्केत्सु कोहा कुनियो-कुन’ हा खेळ आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो.

शाळेसमोर हिरोशी नावाच्या मुलास गुंड बडवतात आणि त्याचा मित्र कुनियो त्यांचा पाठलाग करतो. रेल्वेच्या फलाटापासून निघून, मोटारसायकलस्वारांची व मुलींची टोळी ओलांडून तो अखेर याकुझा गुन्हेगारांना भिडतो. १९८४ च्या ‘स्पार्टन एक्स’मधील वीर एकाच रेषेत डावी-उजवीकडे सरके आणि बहुतेक शत्रू एका फटक्यात पडत. कुनियो मात्र रस्त्याच्या रुंदीतही हिंडू लागला आणि एकेका शत्रूस लोळविण्यास अनेक फटके लागू लागले. पुढील कित्येक खेळांनी हीच रीत उचलली.

किशिमोतो यांनी यात आपल्या विद्यार्थिदशेतील मारामाऱ्यांच्या आठवणी ओतल्या होत्या. परंतु ‘रेनेगेड’ या नावाने पाश्चात्त्य देशांत जाताना त्यातील शाळेचा गणवेश गेला आणि हिरोशीही गेला. प्रेयसीला भेटावयास निघालेला एक रस्त्यावरील लढवय्या तेवढा राहिला. डावपेच तेच, पण लढण्याचे कारण पालटले. आमच्या मते, या खेळाचे खरे मोल त्या गाळलेल्या मित्रात आहे. तो नसेल तर कुनियोचा ठोसा कोणासाठी, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.