पेशीचे शेवटचे वीस तास

पिंपरी-चिंचवडमधली एखादी केमोची खोली. स्तनाच्या कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या बाईच्या गाठीतली ही एक पेशी. वेळा ढोबळ आहेत. क्रम खरा आहे.

आदल्या रात्री ९ : डेक्सामेथासोनच्या गोळ्या. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून देतात. त्या द्रावकाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून ही तयारी.

सकाळी ९ : सलाईन सुरू. पॅसिफिक यू झाडाच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळं करून १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले.

दुपारी १२ : पिशवी संपली. औषध सूक्ष्मनलिकांना चिकटलंय. जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या या नलिका सतत वाढतात, झडतात. त्याच जोरावर पेशी दुभंगते. औषध त्यांना झडूच देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचं दुसरं औषध याउलट नलिका बांधूच देत नाही.

दुपारी ३ : विभाजन सुरू.

दुपारी ४ : एरवी तासाभरात आटोपतं. आज गुणसूत्रं मध्यावर नीट लागत नाहीत. चाकणच्या असेंब्ली लाईनवर एक बोल्ट राहिला की लाईन थांबते, तशी पेशीची तपासणी यंत्रणा विभाजन रोखून धरते.

रात्री ११ : अजून अडकलेलीच. पेशीला जगवणारी प्रथिनं कमी होत चाललीत.

पहाटे ५ : आत्मनाशाची एन्झाइम्स सुटतात, केंद्रकाचे तुकडे होतात. पेशी संपते. काही पेशी गुणसूत्रांची चुकीची वाटणी करून दुभंगतात आणि मागाहून मरतात. काही निसटतात, म्हणून दर आठवड्याला किंवा तीन आठवड्यांनी पुन्हा सलाईन.

औषधाला गाठ आणि निरोगी पेशी असा भेद कळत नाही. झपाट्यानं दुभंगणाऱ्या केसांच्या मुळांना आणि अस्थिमज्जेलाही मार बसतो. चेतापेशी दुभंगत नाहीत, पण त्यांची मालवाहतूक याच नलिकांवरून चालते. म्हणून हातपाय बधिरतात. भोसरी-चाकणमध्ये बोटांच्या कौशल्यावर पोट भरणाऱ्यांनी हे अंगावर काढू नये. मुंग्या आल्या, बटण लावता येईना, तर पुढच्या सलाईनआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो. अस्थिमज्जेला मार बसलेला असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर शिफ्ट संपायची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.