माद्रिदची मोनालिसा कुणाच्या हातची?

मोनालिसा म्हटलं की पॅरिसचं लूव्र आठवतं. पण माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्येही एक मोनालिसा आहे. स्पेनच्या राजवाड्याच्या 1666 च्या यादीत तिची नोंद सापडते. तरी कितीतरी वर्षं तिला कोणी विचारत नव्हतं. मागे सगळा काळा रंग, आणि शिक्का एकच: नक्कल.

2012 साली लूव्रमधल्या एका प्रदर्शनाच्या निमित्ताने ती तपासून साफ केली गेली. तो काळा रंग बऱ्याच नंतर कुणीतरी फासलेला निघाला! खाली डोंगर, पाणी, नागमोडी रस्ता, सगळं पॅरिसच्या चित्रासारखंच. फळीही भारी, अक्रोडाची.

पण खरी गंमत रंगाच्या थराखाली होती. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने आतलं कच्चं रेखाटन दिसतं. लिओनार्दोने काम करता करता बोटांची जागा, ओढणीची कड अशा गोष्टी बदलल्या होत्या. तसेच बदल माद्रिदच्या फळीवरही सापडले.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हे मला लगेच पटलं. तयार ॲप बघून तुम्ही तसंच दुसरं बनवाल. पण मूळ टीमने मधे काय लिहून खोडलं, ते कसं कळणार? त्यासाठी त्याच खोलीत बसलेलं असावं लागतं. म्हणजे हा चित्रकार लिओनार्दोच्या कार्यशाळेतच होता. गुरूने रेघ बदलली की हाही बदलायचा.

मग गुरूनेच दोन्ही काढली नसतील कशावरून? तर रंगकामावरून. लिओनार्दोची ती धुरासारखी विरघळत जाणारी सावली इथे नाही, कडा स्पष्ट आहेत.

शिष्यांपैकी दोन नावं पुढे आली: 1490 मध्ये दहाव्या वर्षी गुरूकडे आलेला सालाई, आणि गुरूच्या वह्या ज्याच्याकडे गेल्या तो मेल्झी. पण ठोस पुरावा नाही. म्हणून प्रादो आजही नुसतं ‘लिओनार्दोची कार्यशाळा’ असं लिहितं.

नावाला किती किंमत असते बघा. ‘साल्वातोर मुंदी’ हे चित्र 1958 मध्ये बोल्त्राफियो या शिष्याच्या नावावर 45 पौंडांत विकलं गेलं. 2017 मध्ये तेच लिओनार्दोच्या नावावर 45 कोटी डॉलरला! त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

अशा बाजारात पुरावा जिथे संपतो तिथेच थांबणं, मला तरी मोठी गोष्ट वाटते. त्या शिष्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याने खोडलेल्या रेघा आपण बघू शकतो. भेटू पुढच्या भागात!