झील धरणारी मुले

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच घारापुरीचा डोंगर डाव्या हाताला टाकून मोरा बंदराकडे निघाली, की भरती असेल तर उतारू सुखाने किनाऱ्याला लागतो, आणि ओहोटी असेल तर गाळाने अडवलेल्या पाण्याकडे पाहत ताटकळतो. इंग्रजी अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचा पेठा होता आणि मोरा हे त्या पेठ्याचे बंदर. मिठागरांतले मीठ आणि उरणच्या भट्ट्यांतली मोहाची दारू या वाटेने बाहेर जाई, आणि त्यांचा हिशेब सरकारी दप्तरात पैनपै रुजू होई. परंतु त्याच किनाऱ्यावर आई-आजीकडून मुलीकडे आणि बुवाकडून पोराकडे जी गायनविद्या पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, तिच्यावर जकात नसल्यामुळे तिची नोंद कोणत्याही बुकात पडली नाही. बालकांना संगीत कसे शिकवावे या प्रश्नाचा इतिहास लिहायला बसलेल्याने आरंभ या नोंद न झालेल्या विद्येपासून करावा, असे मला मनापासून वाटते.

या विद्येचे मर्म सांगणारा एक शब्द मराठीत फार जुना आहे, तो म्हणजे झील. पोवाड्यात शाहीर कडवे म्हणतो आणि त्याचा अखेरचा तुकडा मागचे झीलकरी उचलून लांबवतात. तीच रीत भजनात असते, तीच लग्नाच्या गाण्यांत. झील धरणाऱ्याला सबंध पद पाठ असावे लागत नाही, राग ठाऊक असावा लागत नाही. त्याने कान उघडा ठेवावा, ओळीचा शेवट हेरावा आणि नेमक्या क्षणी आपला कोवळा आवाज त्या मोठ्या आवाजात सोडून द्यावा, एवढेच पुरते. चुकले तर इतरांच्या आवाजात ते चुकणे विरून जाते, आणि साधले तर ते साधणे सगळ्यांचे होते. मुलाला गाण्यात प्रवेश देण्याचा याहून निर्भय दरवाजा मला ठाऊक नाही.

आगरी आणि कोळी समाजांतील धवलारीण ही या परंपरेची सर्वांत मोठी आचार्या. मांडव पडल्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे तिला मुखोद्गत असते. देवदेवतांना, पूर्वजांना, डोंगराला आणि समुद्राला लग्नाचे आमंत्रण तीच गाऊन देते. तिने आरंभिलेली ओळ बाजूच्या बाया उचलतात, आणि त्या बायांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या परकऱ्या पोरी बायांच्या मागोमाग. कोणी त्यांना बोलावलेले नसते आणि कोणी हुसकावतही नाही. पाच-सहा लग्नसराया अशा सरल्या, की त्यांतली एखादी पोर ओळीचा शेवटच नव्हे तर आरंभही बिनचूक सांगू लागते, आणि धवलारणीचा घसा बसला की म्हातारी तिच्याकडे नुसती मान वळवते. तो तिचा परवाना!

धवलारणीच्या नावात दडलेला धवळे हा शब्द आपल्या वाङ्मयात तेराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या लटक्या विवाहाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा महदंबेने जे धवळे गाइले ते मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य म्हणून विद्वानांनी मानले आहे. लटका विवाह, म्हणजे खेळच! मराठी स्त्रीचे पहिले ज्ञात काव्य एका खेळाच्या निमित्ताने आणि गाण्याच्या रूपाने अवतरले, ही गोष्ट बालशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी विसरू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतास शाळा लाभली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये बडोद्यास गायनशाळा काढली, आणि 5 मे 1901 रोजी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून 1908 मध्ये मुंबईस त्याची शाखा आणली. उस्तादाची वर्षानुवर्षे सेवा केल्याखेरीज जी विद्या दृष्टीसही पडत नसे, ती फी भरणाऱ्या कोणाही गृहस्थाच्या मुलामुलींना वेळापत्रकाने मिळू लागली. स्वरलिपी आली, क्रमिक पुस्तके आली, आणि पलुस्करांनी तर ‘संगीत बालबोध’ व ‘संगीत बालप्रकाश’ अशी खास बालकांसाठी पुस्तके रचून छापली. कुलीन घरांतील मुलींना गाणे शिकण्याची लाज वाटेनाशी झाली, हे ऋण सामान्य नव्हे. तथापि पुस्तकाबरोबर बाक आला, बाकाबरोबर परीक्षा, आणि गाणे ऐकण्याआधी सा रे ग म घोकण्याचा रिवाज पडला. झील धरणारे मूल एकटे उभे राहून स्वर म्हणू लागले, आणि त्याचे चुकणे प्रथमच सर्वांना स्वच्छ ऐकू आले. माझ्या लहानपणीच्या गायनवर्गात ‘तू नुसते ओठ हलव’ असे एका सोबत्याला सांगितले गेले होते. त्याने पुढे कधी गाइले नाही, आणि त्या वर्गाची आठवण मला आजही त्या बंद आवाजामुळेच होते.

ही त्रुटी पलुस्करांच्या हेतूत नव्हती. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, तेव्हा तेथील प्रार्थनेत लहानथोर सर्वांनी एकत्र गावे याचीच त्यांनी व्यवस्था लावली. पुढे संगीतकार वसंत देसाई यांनी शाळाशाळांतील हजारो मुलांना एका सुरात बांधले. पण बाक खऱ्या अर्थाने मोडला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसोरी पद्धतीचे प्रयोग करून आलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीच्या समुद्रकाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले, आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. परदेशी, महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया आणि पाने आली. बडबडगीत म्हणताना हात, पाय, मान सगळे गाऊ लागले. 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथील वारली पाड्यांवर तर वाळल्या दुध्या भोपळ्याचा तारपा वाजू लागताच त्याच्या सुराबरोबर वळणाऱ्या साखळीच्या शेपटाला लहान मूल आपसूक जोडले जातच होते. त्याच सुमारास दूर हंगेरीत झोल्तान कोदाय हा थोर संगीतकार सांगत होता, की मुलाची पहिली संगीतभाषा त्याच्या मातृभूमीची लोकगीते असावीत आणि पहिले वाद्य त्याचा स्वतःचा गळा. धवलारीण हे वाचू शकली नसती, आणि तिला ते वाचण्याचे कारणही नव्हते.

मोऱ्याच्या कोळीवाड्यात एका रात्री भजनास बसलो असता जे पाहिले ते सांगतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला सहा-सात वर्षांचा एक पोरगा टाळ घेऊन बसला होता. टाळाच्या दोऱ्या त्याच्या बोटांना दोनदा गुंडाळूनही सैल पडत होत्या. आरंभी तो टाळ मुठीत धरून आपटी, त्यामुळे नाद निघण्याआधीच मिटे. शेजारच्या म्हाताऱ्याने काही न बोलता स्वतःचे टाळ त्याच्या डोळ्यांसमोर आणले, बोटे उचलून केवळ दोरीवर पेलले आणि काठावर काठ असा हलकेच टेकवला. लांब, थरथरता नाद निघाला. पोराने बोटे सैल केली. दोन-तीन आवर्तने तो पुढे-मागे झाला, मग समेवर त्याचा टाळ म्हाताऱ्याच्या टाळात असा मिसळला की वेगळा ऐकू येईना, आणि तेवढ्यात बुवांनी सोडलेल्या ओळीच्या शेवटावर त्याचे तोंड आपोआप उघडले. मध्यरात्रीनंतर अभंग चालू असतानाच तो म्हाताऱ्याच्या मांडीवर कलंडला. टाळ कोणी काढून घेतले नाहीत. दोऱ्या बोटांना तशाच होत्या, आणि पखवाजाच्या थापेसरशी झोपेतही त्याची करंगळी हलत होती.