‘दोनशे’ आलं, पण नोंदणी झाली का?

परवा एका सेवा केंद्रात लाखनीकडचे काका धान विक्रीच्या नोंदणीसाठी बसले होते. सातबारा, आधार, पासबुक, सगळं हातात. पडद्यावर आलं: ‘त्रुटी, नंतर प्रयत्न करा.’ काकांनी विचारलं, "झाली का भाऊ नोंदणी?" मी वेबसाइट बनवणारा माणूस. ब्राउझरमध्ये आत पाहिलं, तर सर्व्हरचं उत्तर होतं २००. म्हणजे ‘सगळं ठीक’!

ही गफलत १९९१ची आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न प्रयोगशाळेत बनवलेल्या पहिल्या एचटीटीपीत उत्तराला क्रमांकच नव्हता. आलेलं पान वाचून माणसानंच ओळखायचं, माहिती मिळाली की चूक झाली. यंत्राला दोन्ही सारखंच.

म्हणून पानाच्या आधी तीन आकडे आणि हेडरच्या ओळी आल्या. तीन आकड्यांची रीत एफटीपी आणि ईमेलमध्ये आधीच होती. मे १९९६मध्ये आरएफसी १९४५ने ती एचटीटीपी १.० म्हणून नोंदवली. दोनने सुरू झालं तर काम झालं, तीन म्हणजे दुसरीकडे जा, चार म्हणजे मागणाऱ्याची चूक, पाच म्हणजे सर्व्हरची. पोस्टमन परत आलेल्या पाकिटावर शेरा मारतो ना, ‘पत्ता अपूर्ण’, तसंच. १९९७च्या १.१मध्ये तर ५०३सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर देऊन किती वेळानं परत यायचं, हेही सांगायची सोय झाली.

मग आपल्याकडे २०० का? कारण साधं आहे. पीएचपीसारख्या भाषेत प्रोग्रामरने काही सांगितलंच नाही, तर २०० आपोआप जातं. बदलायला एक ओळ पुरते. फक्त ती पानाच्या आधी लिहावी लागते. आकडा पुढे, पान मागे. एकदा पान निघालं की आकडा फिरवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आकड्याने काय फरक पडतो? पडतो. सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बहुतेक हाच आकडा मोजतं. सगळीकडे २०० दिसलं की ‘पोर्टल सुरळीत’. मग मुदत संपल्यावर दोष कोणाचा? काकांचा!

चूक पाचची असताना शेतकऱ्याच्या माथी चार मारू नका. पुढच्या वेळी त्रुटी आली तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा, लेखी तक्रार द्या आणि विचारा: सर्व्हरने त्या वेळी कोणता आकडा पाठवला?