साउंड कार्डवर दिसणारा रेडिओ : हॅम रेडिओ, वर्णपट आणि शहरातली खरखर

कोथरूडसारख्या दाट वस्तीत सोसायटीच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा वीस मीटर लांबीचा डायपोल अँटेना बांधला आणि त्याला शॉर्टवेव्ह रिसीव्हर जोडला, तर अनेकदा सर्वांत आधी ऐकू येते ती खरखर. त्या खरखरीखाली दूरचे एखादे स्टेशन असते, पण ते कुठे आहे आणि खरखर कुठून येते आहे, हे कानाला सांगता येत नाही. डोळ्यांना मात्र बरेच काही कळू शकते. त्यासाठी महागडा स्पेक्ट्रम अॅनालायझर घ्यावा लागत नाही. संगणकातील साउंड कार्ड हे काम बऱ्याच अंशी करते.

साउंड कार्ड नेमके काय करते?

साउंड कार्ड आत येणाऱ्या विद्युत लहरीची उंची ठरावीक वेळाने मोजते आणि तिचे आकड्यांत रूपांतर करते. साधे कार्ड सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेते. चांगली कार्डे ९६,००० किंवा १,९२,००० नमुने घेऊ शकतात. लहर ओळखण्यासाठी तिच्या एका आवर्तनात किमान दोन नमुने मिळावे लागतात. म्हणून ४८,००० नमुने घेणाऱ्या कार्डाला जास्तीत जास्त २४ किलोहर्ट्झपर्यंतची वारंवारता कळते.

पुढचे काम सॉफ्टवेअरचे. काचेचा लोलक पांढऱ्या प्रकाशातून रंग वेगळे करतो, तसे ‘फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म’ म्हणजेच एफएफटी ही गणिती रीत या नमुन्यांतून वेगवेगळ्या वारंवारता वेगळ्या काढते. कूली आणि टुकी यांनी ती १९६५ मध्ये संगणकासाठी सोयीच्या रूपात मांडली. तिचे उत्तर पडद्यावर दोन प्रकारे दिसते. पहिला प्रकार म्हणजे आलेख : आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्या अक्षावर ताकद. दुसरा म्हणजे ‘वॉटरफॉल’ : दर क्षणाची एक रंगीत ओळ, वरून खाली सरकत जाणारी. सलग चालणारा संदेश त्यात उभ्या रेषेसारखा दिसतो, मोर्स कोड तुटक ठिपक्या-रेघांसारखा.

यात एक देवाणघेवाण असते. ४८,००० च्या वेगाने घेतलेले ४,०९६ नमुने एका वेळी तपासले, तर सुमारे १२ हर्ट्झ अंतरावरचे सिग्नल वेगळे दिसतात आणि दर ०.०८५ सेकंदाला नवी ओळ मिळते. ६५,५३६ नमुने घेतले तर बारकावा पाऊण हर्ट्झपर्यंत जातो, पण एका ओळीसाठी जवळजवळ १.४ सेकंद थांबावे लागते. मोर्सचे ठिपके पाहायचे तर पहिला पर्याय बरा, अतिशय क्षीण व स्थिर सिग्नल शोधायचा तर दुसरा.

७ मेगाहर्ट्झ साउंड कार्डात कसे येते?

४० मीटरचा हॅम बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ इथे आहे. साउंड कार्डाची धाव काही किलोहर्ट्झची. म्हणून आधी रिसीव्हरला ती वारंवारता खाली आणावी लागते. याच्या दोन रीती आहेत.

पहिली अगदी सोपी. रिसीव्हरच्या हेडफोनच्या जागेतून केबल काढून साउंड कार्डाला जोडायची. आवाजासाठी रिसीव्हर साधारण तीन किलोहर्ट्झ रुंदीचाच पट्टा सोडतो, त्यामुळे पडद्यावर तेवढीच खिडकी दिसते. पण तेवढ्यातही पुष्कळ मावते. १९९८ मध्ये लोकप्रिय झालेली पीएसके३१ ही पद्धत सुमारे ३१ हर्ट्झ रुंदी वापरते. २०१७ मध्ये आलेली एफटी८ पद्धत सुमारे ५० हर्ट्झ. ७.०७४ मेगाहर्ट्झवर रिसीव्हर लावला, तर या एका खिडकीत एफटी८ची अनेक स्टेशने शेजारी शेजारी दिसतात आणि दर १५ सेकंदांनी चित्र बदलते.

दुसऱ्या रीतीत खिडकी मोठी होते. रिसीव्हर मधल्या वारंवारतेभोवतीचा सगळा पट्टा खाली आणतो, पण एकाच वाहिनीत नव्हे, दोन वाहिन्यांत. त्यांना आय आणि क्यू म्हणतात. एकच वाहिनी असती, तर मध्यापासून ५ किलोहर्ट्झ वरचे आणि ५ किलोहर्ट्झ खालचे स्टेशन सारखेच दिसले असते. दोन वाहिन्यांमध्ये पाव आवर्तनाचा फरक ठेवला की कोणती पुढे आहे यावरून सिग्नल वरचा की खालचा ते ठरते. स्टिरिओ कार्डाची डावी-उजवी बाजू इथे कामी येते. परिणामी ४८,००० नमुन्यांच्या कार्डावर ४८ किलोहर्ट्झचा, तर १,९२,००० च्या कार्डावर १९२ किलोहर्ट्झचा पट्टा दिसतो, म्हणजे ४० मीटरचा जवळपास पूर्ण बँड. अमेरिकेतील जेरल्ड यंगब्लड यांनी २००२ मध्ये ‘क्यूईएक्स’ या नियतकालिकातील लेखमालेतून ही रचना हॅम मंडळींसमोर मांडली. पुढे ‘सॉफ्टरॉक’सारख्या स्वस्त किटांनी ती घरोघरी नेली.

जोडताना काय सांभाळायचे?

बऱ्याच लॅपटॉपचा माइक जॅक आणि स्वस्त यूएसबी कार्डे मोनो असतात. आय-क्यूसाठी ती निरुपयोगी ठरतात : प्रत्येक स्टेशनाचे आरशातल्यासारखे दुसरे रूप मध्याच्या पलीकडे दिसते. स्टिरिओ लाइन-इन असलेले कार्ड घ्यावे. स्टिरिओ असूनही पुसट प्रतिबिंब दिसले, तर दोन वाहिन्यांची पातळी किंवा फरक थोडा चुकलेला असतो. तो सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येतो.

माइक जॅक क्षीण आवाजासाठी असतो, त्यामुळे हेडफोनचा आवाज त्यात थेट सोडल्यास चित्र फाटते. १० किलोओहम आणि १०० ओहमच्या रोधांनी तो कमी करून घ्यावा. पडद्यावर ५०, १००, १५० हर्ट्झला उभ्या रेषा दिसल्या, तर ती बहुधा विजेची गुणगुण असते. मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातल्यास ती पुष्कळदा जाते. पुण्यात हे सुटे भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधता येतात. संगणकातील माइक बूस्ट, नॉइज सप्रेशन आणि इको कॅन्सलेशन बंद ठेवावे, नाहीतर संगणक स्वतःच सिग्नल पुसून टाकतो.

शहरात याचा खरा उपयोग

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद इथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आणि त्यांच्या सिग्नलवर चालणारी एफएफटी, असे तिथले काम. मूळ कल्पना साउंड कार्डवरचीच, आकार मात्र प्रचंड. ही जागा निवडण्यामागचे एक कारण म्हणजे तिथला मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता. कोथरूडमधल्या हॅमला असे दूर जाता येत नाही. त्याला गोंगाट ओळखूनच हटवावा लागतो.

गोंगाटाची पातळी २० डेसिबलने वाढली, म्हणजे ताकद शंभरपट झाली. मग १ वॅटवर ऐकू आले असते ते स्टेशन ऐकण्यासाठी समोरच्याला १०० वॅट सोडावे लागतात. म्हणून गोंगाटाचा शोध ही चैन नव्हे.

प्रत्येक गोंगाटाची वॉटरफॉलवर वेगळी खूण असते. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर समान अंतरावर पुसट पट्टे उमटवतात, आणि ते तापमानासोबत हळूहळू सरकतात. मिक्सर सुरू होताच सगळा पडदा उजळतो. लिफ्टची मोटर वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालत असेल, तर लिफ्ट हलते तेवढाच वेळ रेघा येतात. सौर इन्व्हर्टरचा गोंगाट सूर्य मावळला की थांबतो. विजेच्या तारेवर ठिणगी पडत असेल, तर सेकंदाला शंभर ठोक्यांची भरभर ऐकू येते.

शोधण्याची रीत अशी. लॅपटॉप आणि रिसीव्हर दोन्ही बॅटरीवर चालवावेत. आताचे चित्र जपून ठेवावे. मग घरातले एमसीबी एकेक करून बंद करावेत. ज्याच्यासोबत रेघा गायब होतात, त्या वाहिनीवरची उपकरणे एकेक तपासावीत. कार्डावरचे डेसिबल हे केवळ तुलनेचे आकडे असतात, पण आधी-नंतरची तुलना करायला ते पुरतात. दोषी चार्जर सापडला, की तो बदलावा किंवा त्याची वायर फेराइटच्या कड्यावर पाच-सात वेढे घालून घ्यावी.

घरचे सगळे बंद करूनही रेघा राहिल्या, तर उगम शेजारी किंवा बाहेर असतो. अशा वेळी वेळ-तारखेसह जपलेली चित्रे उपयोगी पडतात. ‘तुमच्या घरातून काहीतरी येतंय’ असे म्हणण्यापेक्षा ‘संध्याकाळी सातला तुमच्या जिन्यातले दिवे लागले की हे दिसते’ असे दाखवले, तर सोसायटीत बोलणे सोपे जाते.

मर्यादा आणि नियम

२०१२ च्या सुमारास टीव्हीच्या स्वस्त यूएसबी डोंगलचा रिसीव्हर म्हणून वापर सुरू झाला. तो सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम दाखवतो, पण त्याचे मोजमाप ८ बिटचे आहे. साउंड कार्डाची खिडकी अरुंद, मोजमाप मात्र १६ किंवा २४ बिटचे, त्यामुळे ताकदवान स्टेशनाशेजारचे क्षीण स्टेशन त्यात चांगले टिकते.

भारतात हॅम बँडवर प्रक्षेपण करायला केंद्राच्या दूरसंचार विभागातील डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. रेडिओशास्त्र आणि नियम यांची परीक्षा द्यावी लागते. व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारे कॉल साइन त्यानंतर मिळते. आणि वळवाचे ढग जमले की गच्चीवरचा अँटेना रिसीव्हरपासून काढून ठेवावा. जवळ कुठे वीज पडली तर अँटेनात येणारा झटका रिसीव्हर, साउंड कार्ड आणि लॅपटॉप तिन्ही जाळू शकतो.