शिपाई पूर्वजांचा शोध

गणनेच्या पुस्तकात लढाईस योग्य पुरुष मोजले, तेही घराण्यांप्रमाणे. आपल्याला मात्र पलटण एका दप्तरात, कुटुंब दुसऱ्यात शोधावे लागते.

बालाघाटातल्या एखाद्या घरी ‘खापरपणजोबा कामठीच्या पलटणीत होते’ एवढेच ठाऊक असते. मराठी घर म्हणून मुंबईचे दप्तर आठवते. पण 1821 साली वसलेल्या कामठी छावणीत कंपनीच्या काळी मद्रासच्या पलटणी असत. तेव्हा आधी मद्रासच्या नोंदी पाहाव्यात. तिथल्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत देशी शिपाई विरळच, हे सांगितलेले बरे.

जमिनीचे कागद? जिल्हाच 1867 चा. त्याआधीचे गाव भंडारा, मंडला किंवा शिवनीत शोधावे. आणि आपल्या मंडळीचे जुने बाप्तिस्मा रजिस्टर आधी उघडावे. बापाचा हुद्दा अनेकदा तिथेच लिहिलेला असतो.