मुंबई रक्तगट
तांबड्या कोशिकांवर ए, बी व एच ही तीनही प्रतिजने (प्रतिपिंडांच्या निर्मितीस चालना देणारी द्रव्ये) नसलेला आणि रक्तरसात या तिन्हींविरुद्धची प्रतिपिंडे असलेला एक दुर्मीळ रक्तगट. प्रथम मुंबई येथे आढळल्यामुळे त्यास हे नाव पडले. केवळ कोशिकांची परीक्षा केल्यास तो ओ गटासारखा दिसतो. परंतु ओ गटाचे रक्त अशा रुग्णास दिल्यास ते घातक ठरते. म्हणून सुरक्षित रक्ताधानाच्या इतिहासात त्याच्या शोधाला विशेष स्थान आहे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांची पद्धती मांडली. पुढे ओ गटाची व्यक्ती ‘सार्वत्रिक दाता’ मानली जाऊ लागली. १९५२ मध्ये मुंबईत या समजुतीला अपवाद सापडला. तीन व्यक्तींच्या कोशिका ओ गटासारख्या दिसत होत्या. मात्र त्यांच्या रक्तरसाने ओ गटाच्या कोशिकांचेही समूहन (गुठळ्या होणे) होत होते. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी लंडनमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या सहकार्याने हे निरीक्षण त्याच वर्षी लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

एच हे ए व बी या प्रतिजनांचे पूर्वद्रव्य होय. ओ गटात ते तसेच राहते. ज्या व्यक्तीत एच तयारच होत नाही तिच्यात ए किंवा बी जनुक असूनही त्याचा आविष्कार तांबड्या कोशिकांवर होत नाही. फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबाच्या अभ्यासातून हे दाखवून दिले. हे लक्षण अप्रभावी असल्याने ते मातापिता दोघांकडूनही यावे लागते. साहजिकच नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो. भाटिया व एल. डी. संघवी यांनी १९६२ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले. मुंबईत या गटाचे प्रमाण सु. ७,६०० व्यक्तींत एक, तर यूरोपात सु. १० लाखांत एक आहे.

रक्तगटांच्या संदर्भीय परीक्षांसाठी १९५७ मध्ये मुंबईत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र सुरू झाले. तेच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था होय. मुंबईतच १९७३ मध्ये एस. एस. बडकेरे व इतरांनी एक नवे प्रतिजन वर्णिले. त्यावरून ‘इंडियन’ ही रक्तगट पद्धती ओळखली जाते.

मुंबई गटाची ओळख मुख्यतः प्रतिपिंडांवरून पटते. रुग्णाचा रक्तरस ए व बी यांबरोबर ओ गटाच्या कोशिकांशीही मिसळून पाहतात. ओ कोशिकांचे समूहन झाले, परंतु स्वतःच्या कोशिकांचे झाले नाही, तर या गटाची शंका घ्यावी लागते. यूलेक्स यूरोपीयस या काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्काने एच असलेल्या कोशिकांचे समूहन होते, मुंबई गटाच्या कोशिकांचे होत नाही. त्यावरून खात्री पटते. एचविरोधी प्रतिपिंड शरीराच्या तापमानासही क्रियाशील असल्याने चुकीचे रक्त दिल्यास रक्तवाहिन्यांतच तांबड्या कोशिका फुटतात आणि वृक्के निकामी होऊन मृत्यूही ओढवू शकतो.

मराठवाड्याच्या दृष्टीने ही परीक्षा विशेष महत्त्वाची आहे. मामेबहिणीशी विवाहाची चाल येथे जुनी आहे. लातूर जिल्हा कर्नाटकास व नांदेड जिल्हा तेलंगणासही लागून आहे. त्या प्रदेशांतही या गटाच्या व्यक्ती आढळल्या आहेत. नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तथापि ही दोन्ही शहरे मुंबईतील संदर्भ-संस्थेपासून सु. ५०० ते ६०० किमी. दूर आहेत. प्रसूतीतील रक्तस्रावासारख्या प्रसंगी इतक्या अंतरावरील निर्णयाची वाट पाहता येत नाही. म्हणून रक्तरसाची परीक्षा व रक्त देण्यापूर्वीची जुळणी परीक्षा जिल्ह्याच्या रक्तपेढीतच, कितीही घाई असली तरी, वगळता कामा नये.

अशा रुग्णास केवळ मुंबई गटाचेच रक्त चालते. दाता बहुधा सख्ख्या भावंडांत प्रथम शोधतात, कारण त्यांच्यात हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचेच रक्त साठविता येते. ग्लिसरीन मिसळून अतिशीत तापमानात ठेवलेल्या कोशिका अनेक वर्षे टिकतात.